बाळाचा बाप्तिस्मा: आधी फादर, मग पाहुणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाळ दहा आठवड्यांचं आहे. बाप्तिस्म्याची तारीख घरीच ठरली, कारण त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी आहे. गॉडफादर म्हणून, म्हणजे बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारा धर्मपिता म्हणून, सासरच्यांनी थोरल्या दिरांचं नाव परस्पर पक्कं करून टाकलंय. ते कॅथलिक आहेत, पण वर्षानुवर्षं चर्चकडे फिरकलेले नाहीत आणि त्यांचं दृढीकरणही (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेलं नाही. गॉडमदर म्हणून तुम्हाला हवी आहे तुमची जिवलग मैत्रीण, आणि ती प्रॉटेस्टंट. यजमानांना या सगळ्यात फारसा रस नाही. फादरांना अजून कोणी भेटलेलं नाही. आणि तुम्ही विचारता, दिरांना न दुखावता मैत्रिणीला कसं घ्यायचं?

मी गेली २२ वर्षं धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या समाजात, आईबाबांसाठी बाप्तिस्म्याचे तयारीवर्ग घेते. मधली काही वर्षं नोंदवहीचं कामही माझ्याकडे होतं. म्हणून आधी स्पष्टच सांगते. तुमच्या घरात सध्या मानपान वाटणं चाललंय. कोणाचा मान राखायचा यातच सगळे अडकलेत, त्यामुळे गणित सुटत नाही. या दोन जागा मानाच्या आहेत असं धरलंत तर ते कधीच सुटणार नाही. ‘हे काम कोण करेल’ असं विचारलंत, तर निम्मी नावं आपोआप गळतात आणि नकार तुमच्या तोंडून द्यावा लागत नाही.

मी जे सांगणार आहे ते लॅटिन विधीच्या, म्हणजे रोमच्या परंपरेतल्या, कॅथलिक चर्चला धरून आहे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच दृढीकरणही देतात, तिथले नियम थोडे निराळे आहेत. अँग्लिकन परंपरेत गॉडपेरेंट्स दोनापेक्षा जास्त असतात. बॅप्टिस्ट मंडळी तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतच नाहीत. शिवाय कॅथलिक चर्चमध्येसुद्धा तयारीवर्ग किती, अर्ज कधी द्यायचा, कोणत्या रविवारी बाप्तिस्मे होतात, हे प्रत्येक धर्मग्राम आपापलं ठरवतो. तेवढं तुमच्या फादरांनाच विचारावं लागेल.

आणि म्हणूनच पहिलं काम फादरांना भेटणं. पाहुण्यांना निमंत्रणं गेली, जागा ठरली आणि मग कार्यालयात कळलं की त्या रविवारी बाप्तिस्मे नाहीत, किंवा तयारीवर्ग त्यानंतर आहे, असं दर वर्षी कोणाचं ना कोणाचं होतं. मग तो राग फादरांवर निघतो. तारीख सध्या पेन्सिलीने लिहिलेली आहे असं समजा. बाप्तिस्मा शक्यतो रविवारी व्हावा असं चर्चचा कायदा सांगतो, कारण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा वार. पास्का जागरणाची, म्हणजे ईस्टरच्या आदली रात्र तर त्याहून योग्य मानली जाते. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, बरेच धर्मग्राम बाप्तिस्मे ठेवत नाहीत, तेवढं कॅलेंडर बघून घ्या.

‘उशीर झाला का?’ या काळजीचं उत्तरही इथेच देते. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे सध्या लागू असलेल्या चर्चच्या कायद्यात, बाळाचा बाप्तिस्मा जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत करण्याची जबाबदारी आईबाबांवर टाकली आहे. दहा आठवडे म्हणजे काही आकाश कोसळलेलं नाही. पण सगळ्या नातेवाइकांना जमेल अशी सुट्टी शोधत वर्षभर थांबायचं, हेही बरोबर नाही. बाळाच्या जिवाला धोका असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. अशा वेळी धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक) मिळाला नाही, तर चर्चला अभिप्रेत असलेला बाप्तिस्मा द्यायच्या हेतूने कोणीही तो देऊ शकतं. पाणी ओतायचं आणि ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ एवढे शब्द म्हणायचे. असा बाप्तिस्मा पूर्ण असतो, नंतर तो पुन्हा द्यायचा नसतो. राहिलेले विधी चर्चमध्ये होतात आणि नोंद करून घ्यायची असते. हे प्रत्येक आईबाबांना माहीत असावं म्हणून मी वर्गात आवर्जून सांगते.

फादरांकडे जाताना बाळाचा जन्मदाखला न्या. तुमच्या लग्नाची चर्चमधली नोंद आणि तुमचे दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले जवळ असले तर बरं, काही ठिकाणी मागतात. बाप्तिस्मा सहसा आईबाबांच्या धर्मग्रामातच होतो. माहेरच्या चर्चमध्ये करायचा असेल तर स्वतःच्या फादरांचं संमतीपत्र लागेल असं धरून चाला. घरी बाप्तिस्मा करायचा विचार असेल तर तो सोडून द्या. खरी निकड असल्याशिवाय, किंवा बिशपांनी गंभीर कारणासाठी परवानगी दिल्याशिवाय, तो खाजगी घरात होत नाही.

फादर तुम्हाला एक प्रश्न विचारतील, आणि तो गॉडपेरेंट्सबद्दल नसेल. ‘बाळ श्रद्धेत वाढेल याची खात्री काय?’ यजमानांना रस नाही म्हणून तुम्ही इथे घाबराल. घाबरू नका. आईबाबांपैकी किमान एकाची संमती पुरते. बाळ कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा मात्र हवी. ती अजिबातच नसेल, तर फादर कारण सांगून बाप्तिस्मा पुढे ढकलतात. पुढे ढकलणं म्हणजे नाकारणं नव्हे, कायद्यातला शब्दही ‘पुढे ढकलणं’ असाच आहे. माझ्या अनुभवात या प्रश्नाला खरं उत्तर देणाऱ्यांचं काम कधी अडलेलं नाही. ‘मी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाते, हे येत नाहीत, पण अडवणारही नाहीत’ एवढं सरळ सांगितलंत तरी पुष्कळ झालं. ‘आम्ही दोघे दर रविवारी येतो’ असं ठोकून देणारे लगेच कळतात. फादर दर रविवारी तिथेच असतात ना!

आता गॉडपेरेंट्स. कायद्याच्या अटी मोजक्या आहेत. वयाची १६ वर्षं पूर्ण हवीत. बिशप दुसरी वयोमर्यादा ठरवू शकतात आणि योग्य कारण असेल तर फादर सवलत देऊ शकतात. व्यक्ती कॅथलिक असावी, तिचं दृढीकरण आणि पहिलं कम्युनियन (मिस्सामधली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं) झालेलं असावं, आणि या जबाबदारीला साजेसं श्रद्धेचं जीवन ती जगत असावी. चर्चने तिच्यावर दंड लादलेला नसावा. बाळाचे आई किंवा बाबा स्वतः गॉडपेरेंट होऊ शकत नाहीत. संख्येबद्दल म्हणाल तर एक पुरुष, किंवा एक स्त्री, किंवा एक पुरुष आणि एक स्त्री. म्हणजे एकच गॉडपेरेंट असला तरी चालतो, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया मात्र नाहीत, आणि तीन-चार तर नाहीतच.

हा आकडा कुठून आला, तेही सांगते, कारण तुमच्या घरातली ओढाताण काही आजची नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या वतीने जामीन राहणाऱ्यांचा उल्लेख इसवी सन २०० च्या सुमाराला टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाच्या लेखनात येतो. गंमत म्हणजे त्याची तक्रारही हीच की, जामीन राहणारा मरू शकतो, किंवा मूल मोठं होऊन भलत्याच वळणाचं निघू शकतं, मग त्या बिचाऱ्याने दिलेल्या शब्दाचं काय? सुरुवातीच्या काळात पुष्कळदा आईबाबाच ही भूमिका करत. नवव्या शतकापर्यंत त्यांना मनाई झाली. पुढे मध्ययुगात गॉडपेरेंट म्हणजे नातं जोडायचं, ओळखी वाढवायचं साधन झालं, आणि एकेका बाळामागे गॉडपेरेंट्सची रांग लागू लागली. शेवटी १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणजे तिथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, मर्यादा घातली: एक, किंवा फार तर एक पुरुष आणि एक स्त्री. तुमच्या सासूबाईंना हे नक्की सांगा. साडेचारशे वर्षांपूर्वी पडलेला नियम आहे म्हटलं की सुनेवरचा राग जरा कमी होतो.

आता तुमच्या दोन उमेदवारांकडे वळते. इथे एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. प्रॉटेस्टंट मैत्रिणीला जागा आहे आणि कॅथलिक दिरांना नाही.

मैत्रीण गॉडमदर होऊ शकत नाही. पण तिचा बाप्तिस्मा झालेला असेल, तर एका कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीने ती ‘साक्षीदार’ म्हणून उभी राहू शकते, आणि नोंदवहीत तिचं नाव साक्षीदार म्हणून लागतं. अट एकच, शेजारी कॅथलिक गॉडफादर किंवा गॉडमदर हवी. ती ऑर्थोडॉक्स असती तर कॅथलिक गॉडपेरेंटबरोबर तिला खुद्द गॉडमदर होता आलं असतं. पण प्रॉटेस्टंटांसाठी साक्षीदारापर्यंतच वाट आहे. दिरांना मात्र ही साक्षीदाराची वाटही नाही, कारण ती फक्त कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती व्यक्तींसाठी आहे. ‘गॉडफादर नाही तर नाही, साक्षीदार तरी करा’ ही युक्ती कार्यालयात रोज कोणीतरी काढतं, आणि रोज तिला नकार मिळतो.

लोक चिडतात. ‘बाहेरची चालते, घरचा चालत नाही?’ मला विचाराल तर नियमात तर्क आहे. तुमची मैत्रीण तिच्या चर्चमध्ये तिची श्रद्धा जगते आहे. ती जेवढी आहे तेवढंच पद तिला मिळतं. ‘मी कॅथलिक श्रद्धेची हमी देते’ असं तिच्याकडून कोणी वदवून घेत नाही. दिरांकडून मात्र आपण तेच वदवून घ्यायला निघालोय. विधीत त्यांना सगळ्यांदेखत विचारतात, सैतानाचा त्याग करतोस का, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतोस का. ज्या माणसाने स्वतःहून या सगळ्याकडे पाठ फिरवली आहे, त्याला भावाच्या प्रेमापोटी खोटं ‘होय’ म्हणायला लावणं हा त्याचा मान नव्हे. बऱ्याच दिरांना हे मनातून कळत असतं. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

दृढीकरण मोठेपणीही घेता येतं. दिरांना खरोखर परत यायचं असेल, तर बाळाचा बाप्तिस्मा हे सुंदर निमित्त आहे, आणि मी तशी दोन माणसं परत आलेली पाहिली आहेत. पण त्याला महिने लागतात. दाखला मिळावा म्हणून घाईघाईने दृढीकरण उरकायचं म्हणाल तर मी तरी साथ देणार नाही. ही व्यक्ती अटींत बसते असं पत्र गॉडपेरेंटच्या धर्मग्रामाकडून अनेक ठिकाणी मागतात. एकदा एका कुटुंबाने ओळखीपाळखीतून असं पत्र मिळवलं होतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या गॉडफादरना ‘आमच्या पित्या’ ही रोजची प्रार्थनाही म्हणता येईना. फादर काही बोलले नाहीत. पण त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना तिथे उभं करणाऱ्यांचा मला राग आला होता, त्यांचा नव्हे.

मग दिरांना कोणी सांगायचं? तुम्ही नाही. त्यांच्या भावाने. तुमच्या यजमानांना रस नसेल, पण हे काम त्यांचंच आहे, आणि ते बाप्तिस्म्याच्या फार आधी व्हायला हवं. चारचौघांत नको, फोनवर नको. शब्द साधे ठेवा: ‘दादा, या जागेसाठी दृढीकरण लागतं, आणि तिथे जे म्हणावं लागतं ते तुला मनापासून म्हणता येणार नाही. तुला खोटं बोलायला लावायचं नाहीये. बाळाचा काका तू आहेसच.’ एवढ्यावर थांबा. लगेच भरपाई म्हणून दुसरा मान पुढे करू नका, त्याने जखम उलट ठसठसते. आठवडाभराने, वाटलं तर, त्यांना एखादं खरं काम द्या. पाहुण्यांना आणणं असेल, त्या दिवशी बाळाच्या मोठ्या भावंडांना सांभाळणं असेल. काही घरांत सगळ्यांनी मिळून पाणी ओतावं किंवा सगळ्यांनी मिळून शब्द म्हणावेत अशी टूम निघते. ते अजिबात करू नका. ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे शब्द वापरून दिलेला बाप्तिस्मा वैध नाही, असं रोमने २०२० मध्ये स्पष्ट केलंय, आणि तसा दिलेला बाप्तिस्मा नव्याने द्यावा लागतो.

आता उरतो खरा प्रश्न: मैत्रिणीच्या शेजारी कॅथलिक कोण? तुमच्या पत्रात एकाही तिसऱ्या माणसाचं नाव नाही, आणि मला तेच खटकलं. नात्यातला हवा असा नियम नाही. वयाने तुमच्याएवढा हवा असंही नाही. मी वर्गात आईबाबांना डोळे मिटून एक चित्र डोळ्यांसमोर आणायला सांगते: मूल तेरा वर्षांचं आहे, तुमच्याशी बोलत नाही, मिस्साला यायला नकार देतंय. ते कोणाकडे जाईल? आणि तो माणूस तुम्हाला घरी येऊन, ‘चूक तुमची आहे’ असं सांगू शकेल का? हे ऐकून आईबाबांनी आधी आणलेली नावं बदललेली मी पाहिली आहेत. एकदा एका बाईंनी शेजारच्या निवृत्त शिक्षिकेचं नाव घेतलं. नात्यातलं कोणीच नाही. त्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या वाढदिवशी त्या दर वर्षी तिला पत्र लिहितात. जन्मदिवशी सगळेच लिहितात, म्हणून त्यांनी हा दिवस निवडला.

मी स्वतः तिघांची गॉडमदर आहे. दोघांच्या बाबतीत मला बऱ्यापैकी जमलंय. तिसऱ्याच्या वेळी, नाही कसं म्हणायचं या भिडेपोटी मी होकार दिला. पुढे दोन्ही कुटुंबं लांब गेली, संपर्क सुटला. तो आता १९ वर्षांचा आहे आणि रस्त्यात दिसला तर मी त्याला ओळखेन की नाही, शंका आहे. त्याच्या दाखल्यावर माझं नाव कायमचं आहे. म्हणून विचारताना समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक द्या. बाळाला मांडीवर देऊन विचारू नका. ‘विचार करून आठवड्याने सांगा’ म्हणा, आणि काय करावं लागेल तेही सांगा: तयारीवर्ग, त्यांच्या धर्मग्रामाचं पत्र, आणि पुढची वीस वर्षं. जो हे ऐकूनही होय म्हणतो, तो तुमचा माणूस.

असा कोणी सापडलाच नाही तर? कायदा ‘शक्यतो’ गॉडपेरेंट असावा असं म्हणतो. त्यामुळे कोणी नाही म्हणून बाळाचा बाप्तिस्मा अडत नाही, फक्त तो झाल्याचं सिद्ध करू शकेल असा, तो पाहिलेला एक तरी माणूस हवा. २०२१ मध्ये सिसिलीतल्या कातानिया धर्मप्रांताने तर तीन वर्षांसाठी गॉडपेरेंट्सची प्रथाच स्थगित केली होती, कारण ती निव्वळ सामाजिक देवघेव होऊन बसली होती. मला तो उपाय जरा टोकाचा वाटतो, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आधी फादरांना विचारा. धर्मग्रामातलं एखादं अनुभवी जोडपं ते सुचवू शकतात.

घरात अजून काही समज असतील तर ते झटकन निकालात काढते. आईबाबांना काही झालं तर मूल गॉडपेरेंट्सकडे जातं, हे खरं नाही. पालकत्व ही कायद्याची बाब आहे, त्यासाठी मृत्युपत्र आणि वकील. ‘गॉडपेरेंट नंतर बदलता येतो’, तेही नाही. नोंदवहीत त्या दिवशी जे घडलं ते लिहिलेलं असतं, भांडण झालं म्हणून ते खोडता येत नाही. गॉडपेरेंट आणि मूल यांच्यात विवाहाला आडकाठी ही १९८३ पूर्वीची गोष्ट. लॅटिन चर्चमध्ये ती आता उरलेली नाही, पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चमध्ये अजून आहे. आणि गॉडफादर परदेशात असेल तर त्याच्या वतीने प्रतिनिधी उभा राहू शकतो, नोंद गॉडफादरचीच होते. फादरांना आधी कळवा म्हणजे झालं.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल फार लिहीत नाही, वर्गात सगळं सांगतील. सुरुवातीला फादर बाळाचं नाव विचारतात, ते मोठ्याने आणि स्पष्ट सांगा. नाव संताचंच हवं अशी सक्ती नाही, ख्रिस्ती भावनेला परकं नसावं एवढंच. मग फादर, आईबाबा आणि गॉडपेरेंट्स बाळाच्या कपाळावर क्रूस काढतात. पाण्यानंतर टाळूवर ख्रिस्म हे पवित्र तेल लावतात, म्हणून टोपी सहज निघेल अशी असू द्या. पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवतात. ती बाबांनी किंवा गॉडफादरने पेटवावी. तुमच्या यजमानांना तिथे पुढे करा असं मी सुचवेन. रस नसलेल्या बऱ्याच बाबांचे हात त्या क्षणी थरथरताना मी पाहिलेत. आणि बाळाला आधी पोटभर पाजून आणा, बाकी रडलं तर रडू द्या.

सगळं झाल्यावर जेवायच्या घाईत निघून जाऊ नका. कार्यालयात जाऊन नोंदवहीतली ओळ स्वतः वाचा: बाळाचं नाव, जन्मतारीख, आईबाबांची नावं, गॉडपेरेंट आणि साक्षीदार यांची नावं, प्रत्येकाचं स्पेलिंग. याच ओळीच्या शेजारी पुढे त्याचं दृढीकरण आणि लग्न नोंदलं जाणार आहे. एका अक्षराच्या चुकीपायी पंचवीस वर्षांनी लग्नाच्या तोंडावर धावपळ करणारी मुलं माझ्याकडे आलेली आहेत. त्या दिवशी ती चूक दोन मिनिटांत दुरुस्त झाली असती.